कुलाबा उठला त्या साली

आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून सालं आकड्यांत सांगायची पद्धत नव्हती. थोरली आत्या जन्मली ती 'कुलाबा उठला त्या साली'. लोअर परळच्या बीडीडी चाळीत खोली मिळाली ती 'कुलाबा उठल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात'. लहानपणी मला वाटायचं, कुलाबा म्हणजे एखादा आठवड्याचा बाजार असणार, पालं गुंडाळून निघून गेलेला. ते रेल्वेचं स्टेशन होतं, चर्चगेटच्या पुढचं, आणि आजोबा तिथे बी.बी.सी.आय. रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेत, सांधेवाले होते, गाडीसाठी रुळांचे सांधे बदलून देणारे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

३१ डिसेंबर १९३० च्या मध्यरात्री ते स्टेशन बंद झालं. त्याला ३१ डिसेंबर २०२५ ला ९५ वर्षं झाली. आत्याचंही वय तेवढंच. ती गिरगावात मुगभाटात राहते, ऐकू कमी येतं, पण भिंगातून पेपर अजून स्वतः वाचते. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. लोअर परळच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. दिवाळीत फराळाचं ताट पुढे असताना ते एकदम म्हणाले, "दादांची केबिन जिथे होती तिथे एकदा उभं राहायचंय मला." दादा म्हणजे आजोबा. मी लगेच रजेचा अर्ज टाकला. मग बोलता बोलता यादी वाढली. नुसतं कुलाबाच का? मुंबईतली उठलेली आणखीही स्टेशनं आहेत. चार दिवस काढू, मुक्काम आत्याकडे, आणि जमेल तेवढा प्रवास रेल्वेनं, ही अण्णांची अट.

निघताना आत्या अण्णांना म्हणाली, "बाळू, तिथलं काही मिळालं तर माझ्यासाठी आण. दगड असला तरी चालेल."

३१ डिसेंबर, बुधवार : चर्चगेट आणि कुलाबा

चर्नी रोडहून चर्चगेट, मध्ये एकच मरीन लाइन्स. गाडी रिकामी झाली तरी अण्णा हलेनात. मग फलाटाच्या टोकाशी गेले आणि बफरसमोर उभे राहिले. रूळ तिथे संपतात. पुढे लोकांची रांग, खाण्याचे स्टॉल, बाहेर पडायची घाई. "सगळ्यांना हे शेवटचं स्टेशन वाटतं," अण्णा म्हणाले. "दादा याला मधलं स्टेशन म्हणायचे."

खरंच ते मधलंच होतं. पश्चिमेची ही लाइन १८६४ मध्ये सुरतेहून ग्रँट रोडपर्यंत आली आणि तिथे थांबली. ग्रँट रोड हेच तेव्हा शहराचं टोक. पुढे यायचं तर जागा कुठली? बॅकबेच्या किनाऱ्यानं समुद्र थेट आतपर्यंत होता. त्या सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस बंद पडलेला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना मुंबईतून कापूस जात होता. शहरात पैसा इतका आला की समुद्र बुजवून जमीन विकणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरवर लोकांनी घरदार लावलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, कंपन्या बुडाल्या. किनाऱ्याची पट्टी मात्र रेल्वेला मिळाली. तिच्यावरून गाडी दक्षिणेकडे सरकत गेली: १८७० ला चर्चगेट आणि १८७३ ला कुलाबा. कुलाब्याचं मोठं, पक्कं टर्मिनस उभं राहिलं ते १८९६ ला.

कुलाबाच का, याचं उत्तरही कापूसच. कापसाच्या गाठींचा मोठा बाजार, कॉटन ग्रीन, तेव्हा कुलाब्यात होता. जवळच १८७५ चा ससून डॉक. देशावरून, गुजरातेतून आलेली गाठ गाडीतून उतरून बाजारात आणि तिथून बोटीवर. पुढे हा बाजार शिवडीकडे गेला आणि आपलं नावही सोबत घेऊन गेला. हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन स्टेशन लागतं, तिथे उतरणाऱ्या किती जणांना कुलाबा आठवत असेल!

चर्चगेटच्या बाहेर आल्यावर पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयासमोर आम्ही पाच मिनिटं थांबलो. १८९९ ची ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची, म्हणजे ज्यांनी बोरीबंदरचं टर्मिनस, आजचं सीएसएमटी, बांधलं त्यांचीच. वर माथ्यावर एक बाईचा पुतळा आहे आणि तिच्या हातात चक्क रेल्वेचं इंजिन आहे. अण्णांनी नोकरीच्या ३६ वर्षांत इथे शंभर खेपा घातल्या असतील, कधी पगाराच्या कामाला, कधी युनियनच्या. पुतळ्याच्या हातात काय आहे ते आज पहिल्यांदा पाहिलं म्हणाले.

मग ओव्हल मैदानाच्या कडेनं हळूहळू चालत निघालो. पूर्वेकडे हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. पश्चिमेकडे आर्ट डेकोच्या गोल बाल्कन्यांच्या इमारती. या दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. आजोबांच्या वेळी ही पश्चिमेची ओळ नव्हतीच. तिथे रूळ होते आणि रुळांपलीकडे समुद्र. कुलाब्याहून सुटलेल्या गाडीला डाव्या हाताला पाणी आणि उजव्या हाताला मैदान. आजोबा सांगत, पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की बावटा हातात धरवत नसे.

अण्णा एका कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "मग उठवला का? एवढं चांगलं चाललेलं."

उठवला तो जमिनीसाठी. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॅकबे बुजवायचं काम सरकारनंच हाती घेतलं. खर्च वाढत गेला, भराव टिकेना, गाळ पुरेना. लोक त्याला 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणू लागले. त्यातला गैरकारभार बाहेर काढला तो वीर नरिमन यांनी, खुर्शीद फ्रामजी नरिमन. अधिकाऱ्यानं अब्रूनुकसानीचा खटला भरला तरी ते मागे हटले नाहीत, आणि जिंकले. नरिमन पॉइंटला त्यांचं नाव आहे ते उगीच नाही. योजना अर्ध्यावर आली, पण जेवढी जमीन वर आली तेवढ्यानं समुद्राकाठचे रूळ जमिनीच्या मधोमध आले. नवं शहर वसवायचं तर ही रेल्वेची पट्टी मोकळी हवी होती. लांबच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल बांधलं, लोकल चर्चगेटला थांबवल्या आणि पुढचा तुकडा काढून टाकला.

मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली. तारा ओढल्या, खांब रोवले, नवे डबे आले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला फ्रंटियर मेल सुरू झाली, थेट पेशावरपर्यंत. म्हणजे कुलाब्याचे खरे वैभवाचे दिवस तेच. आणि त्या तारांखालून जेमतेम तीन वर्षं गाड्या धावल्या.

कट्ट्यावरून उठून आम्ही उलटे चर्चगेटला आलो आणि मेट्रोत उतरलो. ही मेट्रो ३, आरेपासून कफ परेडपर्यंत, ३३.५ किलोमीटर, जवळजवळ पूर्ण भुयारातून. शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. खिडकीवर मी दोन तिकिटं मागितली, चर्चगेट ते कफ परेड, दहा-दहा रुपये. अण्णांनी आपलं तिकीट हातात घेऊन पुन्हा पुन्हा पाहिलं. मध्ये एकच स्टेशन, विधान भवन. उठवलेला तो तुकडा हाच, फक्त जमिनीखालून. ९५ वर्षांनी चर्चगेटच्या पुढे पुन्हा रूळ गेले. गाडीत ऑफिसची पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती, आणि अण्णा दाराच्या काचेला नाक लावून अंधार बघत होते.

वर आलो आणि बधवार पार्ककडे चालत गेलो. रेल्वेच्या अधिकाऱ्यांची ही वसाहत जुन्या कुलाबा स्टेशनच्या जागेवर आहे. फत्तेचंद बधवार हे रेल्वे बोर्डाचे पहिले भारतीय अध्यक्ष, त्यांचं नाव वसाहतीला दिलं. लोकांची घरं ती, आत जायचा प्रश्नच नव्हता. आम्ही रस्त्यावरूनच चक्कर मारली. पलीकडे मच्छीमार नगर, सुकत घातलेली जाळी, ओढून ठेवलेल्या होड्या. कोळ्यांवरूनच कुलाब्याला कुलाबा म्हणतात, आणि कोळी अजून तिथेच आहेत. स्टेशन आलं, गेलं, समुद्र मागे हटला, ते हटले नाहीत.

रूळ नाही, खांब नाही, दगड नाही. अण्णा भिंतीच्या कडेनं जमीन बघत चालत होते. फिटरची नजर, कुठे नट-बोल्ट तरी दिसेल म्हणून. पाटीही आम्हाला कुठे दिसली नाही. मला हे मनापासून लागलं. जिथून पेशावरची गाडी सुटत होती, जिथे ५७ वर्षं माणसं चढली-उतरली, तिथे दोन ओळींची एक पाटी असायला हवी. मोठं स्मारक नको. 'येथे कुलाबा स्टेशन होते, १८७३ ते १९३०' एवढं पुरे. रेल्वेच्याच जागेवर रेल्वेनंच लावायची तर परवानगी तरी कोणाची हवी?

एका झाडाखाली अण्णा थांबले. "इथेच धर," म्हणाले. मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी मी शंभरदा ऐकली आहे. त्या रात्री शेवटची गाडी गेली आणि आजोबांनी सवयीनं लिव्हर ओढून सांधा परत मेन लाइनला लावला. लावायची गरजच नव्हती, सकाळी कुठली गाडी येणार नव्हती. आजोबा म्हणायचे, "लावला नसता तरी चाललं असतं. पण हात ऐकेना."

रात्री आत्याकडे पिठलं-भात. बारा वाजता बंदरातल्या बोटींचे भोंगे सुरू झाले, मुगभाटापर्यंत ऐकू आले. आत्याला ऐकू गेले नाहीत. अण्णांनी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, "आक्का, भोंगे वाजतायत."

१ जानेवारी, गुरुवार : मुंबई सेंट्रल, बॅलार्ड पिअर

सकाळी उशिरा निघालो. मुंबई सेंट्रलला आजोबांची बदली झाली, तिथल्या यार्डात त्यांची उरलेली नोकरी गेली. स्टेशन उघडलं १८ डिसेंबर १९३० ला. कुलाबा उठला ३१ ला. मधले तेरा दिवस दोन्ही होती. वास्तुरचनाकार क्लॉड बॅटली, जे.जे.मध्ये शिकवणारे. बांधकाम २१ महिन्यांत पुरं. बोरीबंदरच्या कलाकुसरीसमोर हे साधं दिसतं, पण आत शिरल्यावर हॉलची उंची आणि उजेड पाहून बरं वाटतं. अण्णांना ते आवडतं, कारण त्यात काही उगीच नाही. मला अजूनही बोरीबंदर आवडतं. यावरून आमचा जुना वाद आहे.

फलाटावर बाकावर बसून आम्ही दोन चहा घेतले. अण्णा लहानपणी डबा घेऊन इथे यायचे, आजोबांची पाळी असली की. यार्डाच्या तारेपलीकडून आजोबा डबा घ्यायचे. आत यायचं नाही, हा त्यांचा कडक नियम, स्वतःच्या पोरासाठीसुद्धा.

दुपारी टॅक्सीनं बॅलार्ड इस्टेट. अण्णांची रेल्वेची अट इथे मोडली, पण इथवर जायला आता रेल्वे नाहीच. १ जानेवारी १९१५ ला बंदराची स्वतःची रेल्वे सुरू झाली, बॅलार्ड पिअर ते वडाळा, आणि आम्ही गेलो तोही १ जानेवारीच. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं, एवढ्या लांबची तारीख लक्षात ठेवल्याबद्दल. धक्क्यावरचं स्टेशन बॅलार्ड पिअर मोल. विलायतेहून टपाल घेऊन आलेल्या बोटीतून साहेब उतरले की समोर गाडी उभी. पंजाब मेल सुरुवातीला इथूनच सुटे, आणि बोटीच्या हंगामात फ्रंटियर मेलही इथूनच. हे स्टेशन शहरासाठी नव्हतंच, बोटीसाठी होतं. बोटीनं येणारे थांबले, तसं तेही संपलं. आत गोदीची हद्द, फाटकापाशी थांबलो. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेटच्या आखीव रस्त्यांवर सुट्टीसारखी शांतता होती. अर्ध्या तासात परतलो. इथे आमचं कोणी नव्हतं, त्यामुळे असेल, पण मन गुंतलं नाही.

२ जानेवारी, शुक्रवार : अंधेरी ते ट्रॉम्बे

या रेल्वेबद्दल मी वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेला रेल्वे जात होती, १३ किलोमीटर. बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं १९२४ ते १९२८ मध्ये बांधली, खर्च २७ लाख ९७ हजार. गाड्या जी.आय.पी. रेल्वे, म्हणजे आजची मध्य रेल्वे, चालवायची. १९२८ ला सुरू झाली आणि १९३४ ला रूळ उखडले. सहा वर्षं! एवढ्या वर्षांत तर लोकांना वेळापत्रकही पाठ होत नाही.

ट्रस्ट स्थापन झाला तो १८९६ च्या प्लेगनंतर. दाटीवाटीच्या चाळींतून माणसं मोकळ्या हवेत न्यायची, हा त्यामागचा विचार. साष्टीत, म्हणजे आजच्या उपनगरांत, तेव्हा शेतं, खाजणं, मिठागरं, मध्ये मध्ये गावठाणं. रेल्वे नेली तर वस्ती होईल, हा हिशेब. वस्ती झाली, पण रेल्वे गेल्यावर कितीतरी वर्षांनी.

त्या मार्गावरून नेमकं जाणं आता शक्य नाही, कारण मध्ये विमानतळ आहे. रेल्वे उखडली ती जागाच विमानतळासाठी गेली. आम्ही अंधेरीहून बस घेतली आणि अंधेरी-कुर्ला रोडनं निघालो. चकाला, जे.बी. नगर, मरोळ नाका, साकीनाका. अर्ध्या रस्त्यात बस मिनिटा-मिनिटाला थांबत होती. डोक्यावरून मेट्रो १ सरसर निघून जायची. ही मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली, वर्सोवा ते घाटकोपर. म्हणजे पूर्व-पश्चिम जोडणारी रेल्वे १९३४ ला काढली आणि पूर्व-पश्चिम जोडणारी मेट्रो आली बरोबर ८० वर्षांनी. या ८० वर्षांत आडव्या मुंबईतून जाणाऱ्या माणसानं दादरला जिना चढून-उतरून किती जन्म काढले! मी स्वतः डोंबिवलीहून अंधेरीला सात वर्षं गेले आहे. त्यामुळे या उखडलेल्या रुळांची मला कुलाब्यापेक्षा जास्त हळहळ वाटते, हे मान्य करायला हवं. कुलाब्याचं स्टेशन उठलं तरी चर्चगेट राहिलं. इथे काहीच राहिलं नाही.

कुर्ल्याला उतरून हार्बरची गाडी घेतली. चेंबूरपर्यंतची लाइन १९०६ ची. तिच्यावरून शहराचा कचरा यायचा, देवनारच्या दलदलीत भरायला. प्रवाशांना ती १९२४ ला मोकळी झाली. गोवंडी, मानखुर्द. मानखुर्दला उतरल्यावर मेट्रो २ ब चे खांब दिसले. अंधेरी पश्चिमेच्या डी.एन. नगरहून कुर्ला, चेंबूर करत मंडाळ्यापर्यंत यायची ती मेट्रो. अण्णांनी खांबांकडे बोट दाखवलं. "अंधेरी, कुर्ला आणि हे. तीच लाइन आहे की गं." मी हिशेब करून पाहिला. जवळजवळ तीच.

रिक्षानं ट्रॉम्बे गावात गेलो. एका बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्राची लांबच लांब भिंत. देशातली पहिली अणुभट्टी 'अप्सरा' तिच्यामागे ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. दुसऱ्या बाजूला चिता कॅम्पची दाट वस्ती. आणि या दोघांमधून पुढे गेलं की जुनं गाव, कोळीवाडा आणि जेटी. ओहोटी लागली होती. लांब चिखलावर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ होती. जेटीवर जाळं शिवत बसलेल्या मावशींना अण्णांनी विचारलं, "इथे पूर्वी रेल्वे यायची, ठाऊक आहे का?" त्यांनी हातातली सुई थांबवली. "इथे? बस यायची मारामार, बाबा." आणि पुन्हा जाळ्यात मान घातली. अण्णांनी मग त्यांना सगळं सांगितलं, साल, रुपये, किलोमीटर. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "असती तर माझी मासळी कुर्ल्याला किती लवकर पोचली असती."

३ जानेवारी, शनिवार : पाणजू

शाकंभरी पौर्णिमा होती. मोठी भरती, पाणी दुपारी चढणार. सकाळीच विरार गाडी पकडली, उलट दिशेची, म्हणून बसायला मिळालं.

पाणजू हे वसईच्या खाडीतलं बेट, भाईंदर आणि नायगावच्या मध्ये. रोज लाखो माणसं त्याच्यावरून जातात आणि गाडी तिथे थांबत नाही. पण १२ एप्रिल १८६७ ला पश्चिमेची पहिली लोकल सुरू झाली, विरारहून बॅकबेला, तेव्हा थांबायची. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची, संध्याकाळी साडेपाचला परत निघायची. दिवसाला एकच गाडी. तिच्या स्टेशनांची नावं पाहिली की मजा वाटते: पहाडी म्हणजे आजचं गोरेगाव, बेरेवला म्हणजे बोरिवली, बांदोरा म्हणजे वांद्रे. त्या यादीत भाईंदर नाही. नायगाव नाही. पाणजू आहे.

नायगावला उतरून धक्क्यावर आलो. लहानशी बोट, बाकांवर माणसं, मध्ये भाजीच्या टोपल्या, एक गॅसचा सिलिंडर, दोन शाळकरी मुली. बोटवाल्यानं अण्णांचा हात धरला, "आजोबा, सावकाश, आधी डावा पाय." पाणी चढत होतं, तिवरांची मुळं झाकली जात होती. उजव्या अंगाला रेल्वेचा पूल. एक लोकल गेली तेव्हा बोटीतल्या कोणी वर पाहिलंही नाही.

गाव नीटनेटकं. कौलारू घरं, काही नवी स्लॅबची, देऊळ, शाळा, अंगणात सुकत घातलेलं भात. एका ओटीवर आम्हाला पाणी मिळालं, मग चहा, मग न विचारता जेवायचा आग्रह. घरचे काका दूध-भाजीपासून दवाखान्यापर्यंत सगळ्याला बोट कशी लागते ते सांगत होते. रात्री-अपरात्री बाळंतीण न्यायची वेळ आली की काय होतं, तेही सांगितलं. जुन्या पुलावरून चालत जाणारेही आहेत. पण शेजारच्या पुलावरून धावत्या गाडीतून लोक निर्माल्य, नारळ खाडीत भिरकावतात आणि ते चालणाऱ्याला लागतात. माणसं जखमी झाली आहेत, जीवही गेला आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे. विरार-डहाणूच्या गाडीत बसून पिशवी खिडकीबाहेर टाकणाऱ्यानं खाली माणूस असतो हे डोक्यात ठेवावं. देवाचं फूल कुंडीत टाकलं तरी देवाला पोचतं.

अण्णांनी त्यांना विचारलं, "गाडी थांबली तर?"

काका हसले नाहीत. त्यांनी बोटं मोजली. "पोरांना कॉलेज. बायकांना बाजार. आजाऱ्याला वसई. आणि मला संध्याकाळी उशिरा घरी येता येईल. शेवटची बोट चुकायची धास्ती नको."

१८६७ मध्ये इथे माणसं किती असतील! तरी गाडी थांबत होती. बहुधा पुलांच्या मधला हा जमिनीचा तुकडा रेल्वेला तेव्हा थांबायला सोयीचा असेल. आज गाड्या शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येक सेकंद मोजलेला आहे, हे मलाही कळतं. मधल्या एका बेटासाठी विरार फास्ट थांबवा असं मी म्हणणार नाही. पण दिवसातून दोनदा, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, पहिल्या लोकलसारखी? अण्णांच्या मते रुळांच्या आखणीत ते बसणार नाही. आम्ही ओटीवर बसून यावर पाऊण तास बोललो, काका, अण्णा आणि मी, जणू उद्या आम्हालाच सही करायची होती.

निघायच्या आधी आम्ही रेल्वेच्या भरावाजवळ गेलो. उतारावरून घरंगळलेली खडी पायथ्याशी पडली होती. काळे, टोकदार दगड. मी वाकून एक उचलला. "आत्याला," म्हटलं.

"ठेव तो." अण्णांचा आवाज एकदम वर्कशॉपमधला झाला. "रेल्वेची खडी आहे. घ्यायची नाही."

"अण्णा, खाली पडलाय तो."

"खाली पडला तरी रेल्वेचा."

मी दगड ठेवला. भरतीचं पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीपर्यंत आलं होतं, त्यामुळे बोटीत चढणं सकाळपेक्षा सोपं गेलं. परतीची गाडी खाडीवर आली तेव्हा आम्ही दोघं दारापासल्या खिडकीत होतो. पाणजूची कौलं दिसली, देवळाचा कळस दिसला, आणि अण्णांनी काकांचं घर शोधेपर्यंत तिवरं लागली.

मुगभाटात पोचेस्तोवर दिवेलागण झाली होती. आत्या पलंगावर बसून वाट पाहत होती. "काय आणलंस रे, बाळू?"

अण्णांनी शर्टाच्या खिशातून चार दिवस जपलेलं मेट्रोचं तिकीट काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. चर्चगेट ते कफ परेड. तिनं उशाशी ठेवलेलं भिंग घेतलं, तिकीट दिव्याजवळ धरलं आणि एकेक अक्षर वाचलं. मग उलटून मागची बाजू पाहिली.

"यावर कुलाबा कुठे लिहिलाय?"